मुलांना आधी अलंकार शिकवायचे, की आधी लिहू द्यायचं?

रविवारची ताई
इंदूरात दर रविवारी नववी ते अकरावीच्या अकरा मुलांना मराठी शिकवते. शाळा सगळ्यांची हिंदी-इंग्रजी, मराठी फक्त घरापुरती. यंदा ठरवलं, कविता नुसत्या वाचायच्या नाहीत, लिहायच्या. पहिल्या दिवशी उपमा समजावली, ‘सम, सारखा, परी’ फळ्यावर लिहिले आणि आईच्या डोळ्यांवर चार ओळी मागितल्या. सात जणांनी डोळ्यांना समुद्र म्हटलं. त्या सातांतल्या दोघांनीच समुद्र पाहिलाय!

पुढच्या रविवारी अलंकाराचं नावही काढलं नाही. आज उठल्यावर पहिल्यांदा काय ऐकलंत, एवढंच लिहा म्हटलं. एकाने लिहिलं:

कचरागाडी गात गात येते
आजी बादली घेऊन धावते
जणू माहेरचं कुणी आलंय

मग म्हटलं, बघ, ‘जणू’ आलं, ही उत्प्रेक्षा. आता तो ते विसरेल का? माझ्या मते नाव सगळ्यात शेवटी सांगावं.

जुना मास्तर
ओळ झकास आहे. तुमचा निष्कर्ष मात्र पटला नाही. नाव कळलं नाही तर पोरगं जन्मभर ‘सारखा’ आणि ‘जणू’वरच रेंगाळतं. रूपकात तो ‘सारखा’ काढून टाकावा लागतो, आणि हे कुणी दाखवल्याशिवाय फार थोड्यांना सुचतं. याच पोराला अपन्हुती ठाऊक असती तर त्याने लिहिलं असतं, ‘ही कचरागाडी नव्हेच, हा माहेरचा निरोप.’ आहे ते नाकारून दुसरंच ठासून सांगायचं. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक, यमक. पुढे ते शंभराच्या वर गेले, ते काय पंडितांना उद्योग नव्हता म्हणून? प्रत्येक नावामागे वाक्य वळवायची एक रीत आहे. सुताराच्या पोराला पटाशी आणि रंधा आधी ओळखायला लावतातच की.

पोहे-जिलबी
आमच्याकडे वेगळाच घोळ. मुलगी हिंदीत ‘मानवीकरण’, म्हणजे निर्जीव वस्तूला माणसासारखं वागायला लावणं, शिकून आली, मी मराठीत ‘चेतनगुणोक्ती’ म्हटलं, तर विचारते, बाबा, दोन्हींत फरक काय? काहीच नाही, म्हटलं. मग दोन नावं का? मी गप. बाकी ‘मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर’ हे इथल्या पोरांना पाळण्यापासून पाठ. त्यातला अनुप्रास कुणी शिकवला होता?

अनलंकृत
मला ताई आणि मास्तर दोघांशीही भांडायचंय. अलंकार आधी की नंतर हा वाद कशाला, अलंकार हवाच असं कुणी ठरवलं? संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्याची व्याख्या करतानाच सांगून ठेवलंय, कधी कधी अलंकार नसला तरी चालतो. माझे वडील गेले तेव्हा मुलीने लिहिलं होतं:

आजोबांच्या चपला अजून दाराशी आहेत
कामवाली मावशी रोज त्या सरळ करते

शाळेतल्या स्पर्धेत परीक्षकांनी शेरा मारला: भाव चांगला, अलंकार नाही. दोन गुण कापले. पुढच्या कवितेत पोरीने चंद्र, कमळ, मोती असं सगळं कोंबलं. नंबर आला. त्यानंतर तिने एकही ओळ लिहिलेली नाही.

जुना मास्तर
चपलांची ओळ वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. पण अहो, अलंकार आहे तिथे! जे आहे ते जसंच्या तसं, नेमकं सांगणं, याला स्वभावोक्ती म्हणतात. परीक्षकाला ते नाव माहीत असतं तर गुण कापले नसते. म्हणून तर म्हणतो, नावं शिकवा. पोरांना नसेल तर निदान परीक्षकांना.

अनलंकृत
वा! म्हणजे अलंकार घातला नाही तर तोही अलंकार. तुमच्या शास्त्रातून सुटका नाही. पण मास्तर, मम्मटासारखाच जुना काव्यशास्त्रकार कुंतक, त्याने स्वभावोक्तीला अलंकार मानायला साफ नकार दिला होता. ज्याला सजवायचं तेच दागिना कसं होईल, असा त्याचा सवाल.

जुना मास्तर
कुंतक वाचलेला माणूस भेटला, आजचा दिवस बरा गेला. मुद्दा मात्र सोडत नाही.

रविवारची ताई
मास्तर, एवढं मान्य की रूपक आपोआप येत नाही. काल त्याच मुलांना त्यांच्याच ओळींतले ‘सारखा’ आणि ‘जणू’ खोडायला लावले. चौघांच्या ओळी उजळल्या, बाकीच्यांच्या लंगड्या झाल्या, आणि का झाल्या यावर तासभर कचाकचा भांडण. समुद्र, चंद्र आणि गुलाब यांना दिवाळीपर्यंत वर्गात बंदी घातलीय. चपलांची कविता वर्गात वाचून दाखवू का? मुलीचं नाव सांगणार नाही.

अनलंकृत
वाचा. मुलीला विचारलं, खांदे उडवले तिने. म्हणजे हो.

कचरागाडीवाला
ताई, मीच तो. ‘जणू’ मी मुद्दाम नव्हतं घातलं, आजी खरंच तशीच धावते, एकदा तर अनवाणी. आणि सर, सॉरी, पण निरोपवाली ओळ मला नाही आवडली. निरोप तर आता फोनवर येतो, त्यासाठी कुणी बादली घेऊन धावत नाही.