लग्न झालं, तरी अन्याय झालाच

"दुसऱ्या अधिकाऱ्याने लग्न लावलं ना, मग बिघडलं काय?" असं काही जण विचारतात, पण हा प्रश्न मला अजिबात पटत नाही. २००९ मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या कीथ बार्डवेल या जस्टिस ऑफ द पीसने (लग्न लावण्याचा अधिकार असलेल्या स्थानिक न्यायाधिकाऱ्याने) गोरी वधू आणि कृष्णवर्णीय वर यांचं लग्न लावायला नकार दिला. कारण काय, तर अशा जोडप्यांच्या मुलांचे हाल होतात! अहो, ते ठरवायला त्याला नेमलं होतं का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहांवरची बंदी १९६७ मध्येच, लव्हिंग खटल्यात, एकमताने रद्द केली होती. सरकारी खुर्चीवर बसलेल्याने हक्काचं काम नाकारून दुसऱ्या दारी पाठवणं हाच अपमान आहे. लुइझियानाचे तेव्हाचे गव्हर्नर बॉबी जिंदाल यांनीही कारवाईची मागणी केली. नोव्हेंबरमध्ये बार्डवेलने राजीनामा दिला. माझ्या मते त्याला बडतर्फच करायला हवं होतं.