कोपानच्या शिलास्तंभावरचे तथाकथित हत्ती

मध्य अमेरिकेतील होंडुरासमध्ये असलेल्या कोपान या प्राचीन माया नगरातील ‘ब’ स्तंभाच्या माथ्यावर हत्तीची सोंड कोरलेली असून त्यावरून माया लोकांचा भारताशी संबंध सिद्ध होतो, असे काही जण म्हणतात. त्याविषयी थोडी भर घालावीशी वाटते. शरीररचनाशास्त्रज्ञ ग्राफ्टन इलियट स्मिथ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हाच दावा हिरिरीने मांडला होता, त्यामुळे तो आजही पुन्हा पुन्हा समोर येतो. परंतु ती सोंड नसून मकाव पोपटाची बाकदार चोच आहे.

याचा सर्वांत भक्कम पुरावा, माझ्या मते, आकृतीच्या साम्यात नाही, तर त्याच शिळेवरील लेखात आहे. तेथे ‘मो विट्झ’, म्हणजे ‘मकावचा डोंगर’, हे स्थळनाम कोरलेले आहे. संपूर्ण शिल्प हाच डोंगर दाखवते: त्याच्या जबड्यासारख्या गुहेत राजा उभा आहे आणि वरच्या दोन कोपऱ्यांवर ते पक्षी आहेत. हा राजा म्हणजे कोपानचा तेरावा शासक वाशाक्लाहून उबाह काविल. स्तंभाची तारीख इ.स. ७३१ ची आहे. सात वर्षांनी किरिग्वा या दुसऱ्या माया नगराच्या राजाने त्याला पकडून त्याचा शिरच्छेद केला.

कोपानचा दगड ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला, तुलनेने मऊ असल्यामुळे तेथील शिल्पींना जवळजवळ पूर्ण उठावाचे काम साधले. इतके विलक्षण कौशल्य ज्यांचे आहे, त्यांच्याच पक्ष्यांना, त्यांच्याच डोंगराला आपण आपला हत्ती म्हणावे, हे मला मनापासून अन्यायाचे वाटते.