चर्चच्या जुन्या नोंदवह्या : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या आमच्या चर्चच्या फादरांनी बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या जुन्या वह्या कसर-वाळवीपासून जिवापाड जपल्या. आता त्यांचं वय झालंय, डोळे साथ देत नाहीत. १५६३ मध्ये त्रेंतच्या (इटली) कॅथलिक धर्मसभेने बाप्तिस्मा-लग्नाच्या नोंदी सक्तीच्या केल्या, म्हणून ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाणे-वसईकडच्या स्थानिक कॅथलिक, घराण्यांची कुळकथा अशाच वह्यांत सापडते.

अडचण शाईची. जुनी लोहयुक्त शाई कागद खाते; काही पानांवर अक्षराच्या जागी चक्क भोकं आहेत. कुणी लॅमिनेशन सुचवलं, पण ते मला अजिबात पटत नाही, एकदा चिकटलं की निघत नाही.

ठाणे-मुंबईत जपानी टिश्यूने (पातळ पण चिवट कागदाने) पानं दुरुस्त करणारं कुणी माहितीये का? आणि जुनं पोर्तुगीज हस्ताक्षर वाचणारं? मानधन देऊ. वह्या बाहेर नेता येणार नाहीत, फादर हातातून सोडायचेच नाहीत! काम चर्चमध्येच करावं लागेल.