मदत हवी आहे: रोजचं मनन, पण कृपेवरचं

सर्वांना ख्रिस्तात सलाम. मी परळला राहते. पहाटे पाचला डबे करते, मग सहा बावन्नची लोकल. बसायला मिळालं तर मोबाईलवर बायबलमधला शास्त्रपाठ वाचते. वर्षभर एकही दिवस चुकवला नाही, पण हल्ली वाचन म्हणजे हजेरी लावल्यासारखं झालंय.

परवा लूक 15 (लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय) वाचत होते. धाकट्या मुलाची गोष्ट लहानपणापासून पाठ आहे: तो वाटा उधळून घरी परततो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, मेजवानी देतो. या वेळी मात्र थोरल्या भावापाशी अडले. तो शेतातून येतो, नाचगाण्याचा आवाज ऐकतो आणि आत जायलाच तयार नसतो. इतकी वर्षं राबलो, एक करडूसुद्धा मिळालं नाही, म्हणतो. लोकलमधून उतरेपर्यंत डोळे भरून आले होते, कारण ती तक्रार माझीच आहे. बाप त्याच्यासाठीसुद्धा बाहेर येतो, हे मला पहिल्यांदा दिसलं.

देवाची कृपा फुकट आहे, कमवावी लागत नाही, हे इफिस 2:8 (इफिसकरांस पत्र) वरून तोंडपाठ आहे, पण मनात उतरत नाही. तुमच्यापैकी कोणी अशा कोरड्या काळातून गेलंय का? तेव्हा कोणते उतारे धरून बसलात? रोज नवा अध्याय घ्यावा की एकच वचन आठवडाभर? गर्दीत उभ्यानं प्रार्थना कशी करता, तेही सांगा.