टाइमशेअर घ्यावे की मित्रांसोबत दापोलीत घर?

पुणेकर: नमस्कार. सुट्टीच्या घरासंबंधी दोन प्रस्ताव समोर आहेत. पहिला एका रिसॉर्ट कंपनीच्या टाइमशेअरचा: साडेचार लाख रुपयांत २५ वर्षांचे सभासदत्व, वर्षाला सात रात्री, आणि त्याशिवाय दरवर्षी देखभाल शुल्क, जे सध्या वीस हजार आहे. आजच सही केली तर सवलत मिळेल, असे प्रतिनिधीने दोनदा सांगितले. दुसरा प्रस्ताव दोन मित्रांचा: दापोलीजवळचे एक जुने कौलारू घर तिघांनी मिळून विकत घ्यावे. मुले शाळेत असल्याने आम्हाला मे महिना आणि दिवाळी एवढीच सवड असते. निर्णयापूर्वी काय तपासावे?

ठाणेकर: आधी आकडेमोड करा, कारण साडेचार लाख ही खर्चाची केवळ सुरुवात आहे. वीस हजारांचे शुल्क दरवर्षी सात टक्क्यांनी वाढले, असे धरले तर पंचविसाव्या वर्षी ते एक लाखाच्या पुढे जाते आणि २५ वर्षांत एकूण सुमारे १२ लाख ६५ हजार रुपये केवळ शुल्कापोटी द्यावे लागतात. मूळ रक्कम मिळवली की १७५ रात्रींसाठी १७ लाख १५ हजारांच्या आसपास, म्हणजे रात्रीला साधारण ९,८०० रुपये पडतात, आणि तेही एकही रात्र वाया गेली नाही तर. यात प्रवास आणि जेवण नाही. सही करताना दिलेल्या रकमेवर इतकी वर्षे मिळू शकणारे व्याजही धरलेले नाही. त्यामुळे करारात शुल्कवाढीला कमाल मर्यादा लिहिलेली आहे का, हे कलम सर्वांत आधी शोधा.

दुसरी बाब हंगामाची. सभासदत्व बहुधा हंगामानुसार विकले जाते. स्वस्त गटात मे आणि दिवाळी बसत नाहीत आणि महागड्या गटातही खोली शिल्लक असेल तरच आरक्षण मिळते. तुमची सवड नेमकी त्याच दिवसांत असल्याने प्रतिनिधीच्या तोंडी आश्वासनावर मुळीच विसंबू नका. युरोपीय संघात टाइमशेअरच्या ग्राहकाला कारण न देता करार रद्द करण्यासाठी कायद्याने १४ दिवस मिळतात. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे करारात जी मुदत लिहिली असेल तीच खरी. करार घरी आणून वाचू देत नसतील, तर तिथून उठून यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाद झालाच तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मात्र ती दोन वर्षांच्या आत करावी लागते.

दापोलीकर: घराविषयी मी लिहितो. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि बंद घर त्याला फार लवकर शरण जाते. मे महिन्यात शाकारणी, म्हणजे कौले नीट बसवण्याचे काम, झाली नाही तर जूनमध्ये एखादे सरकलेले कौल वाशाला भिजवते, तिथे वाळवी लागते आणि गणपतीला दार उघडेपर्यंत वासा हाताने दाबला तरी भुसभुशीत लागतो. राखणदाराचा पगार, विहिरीवरचा पंप, घरपट्टी हे सारे तुम्ही एकदाही आला नाहीत तरी चालूच राहते. तिघांनी मिळून दरवर्षी आगाऊ रक्कम जमा करायची आणि मे व दिवाळीची पाळी आळीपाळीने फिरवायची, हे खरेदीआधीच लिहून ठेवा. सातबारा पाहिला आहे का?

पुणेकर: पाहिला. जमीन अजून शेतीचीच आहे. आमच्यापैकी एकच मित्र शेतकरी आहे. खरेदीखत त्याच्या नावे करावे आणि आपसांत नोटरीसमोर करार करावा, असे त्याने सुचवले आहे.

दापोलीकर: कृपया असे करू नका. महाराष्ट्रात शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय विकत घेता येत नाही, म्हणून मित्राचे नाव पुढे करून पैसे तुम्ही दिलेत, तर तो व्यवहार बेनामी ठरण्याचा धोका आहे आणि बेनामी मालमत्ता सरकार जप्त करू शकते. मित्राच्या सचोटीविषयी मला शंका नाही. पण उद्या त्याचे वारस सातबाऱ्यावर आले, तर तुमच्या हाती काय राहील?

मालकाला आधी जमीन रीतसर बिगरशेती करून घ्यायला लावा आणि मगच तिघांच्या नावे, प्रत्येकाचा हिस्सा नमूद करून, खरेदीखत नोंदवा. तरीही एक गोष्ट उरते: सहमालक आपला अविभक्त (वाटणी न झालेला) हिस्सा इतरांना न विचारता परक्याला विकू शकतो. म्हणून ज्याला बाहेर पडायचे असेल त्याने आधी उरलेल्या दोघांना विचारावे, किंमत नोंदणीकृत मूल्यांककाने ठरवावी आणि पैसे देण्यास ठरावीक महिन्यांची मुदत असावी, असा लेखी करार वकिलाकडून करून घ्या. तसा करार नसला आणि वाटणीचा दावा झाला, तर एका घराचे तीन तुकडे होत नसल्याने न्यायालय घर विकण्याचा आदेश देऊ शकते.

पुणेकर: मनःपूर्वक आभार. जमीन रीतसर बिगरशेती होईपर्यंत बयाणा द्यायचा नाही, असे दोन्ही मित्रांना आजच कळवतो. रिसॉर्टच्या प्रतिनिधीकडे कराराचा पूर्ण मसुदा ईमेलने मागितला आहे.