मदत हवी आहे: जीडीपी, सीपीआय, फेड... हे आकडे येईपर्यंत थांबू का आत्ताच पैसे टाकू?

नमस्कार मंडळी,

सरळ मुद्द्यावर येते. एक एफडी मॅच्युअर झालीये आणि ते पैसे इक्विटीत न्यायचेत. एक इंडेक्स फंड आणि एक फ्लेक्सी कॅप, एवढं ठरलंय, एसआयपी पण चालूच आहे, त्यामुळे कुठे टाकू हा प्रश्न नाही, कधी टाकू हा आहे. पुढच्या तीनेक आठवड्यांचं इकॉनॉमिक कॅलेंडर उघडून बसले आणि गरगरलंच. २८ ला आयआयपी (कारखान्यांच्या उत्पादनाचा आकडा), महिनाअखेरीला जीडीपी, १ तारखेला जीएसटी कलेक्शन, त्याच सुमारास पीएमआय (कंपन्यांच्या कामकाजाचा सर्व्हे), मग आरबीआयची पॉलिसी, अमेरिकेचा जॉब्स रिपोर्ट, १२ ला आपला सीपीआय (महागाईचा आकडा), त्याच्या आगेमागे अमेरिकेचा सीपीआय आणि वर फेडची, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची, मीटिंग. दर दोन दिवसांनी कोणीतरी टीव्हीवर "आता या आकड्याकडे बाजाराचं लक्ष" म्हणणार.

माझी अडचण अशी की आकडा वाईट आला की बाजार पडायला हवा हे साधं गणित कुठे लागतच नाही. २९ नोव्हेंबर २०२४ ला शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर जीडीपी आला ५.४ टक्के, सात तिमाहींतला नीचांक, सगळीकडे आता सोमवारी बघा काय होतंय असं चाललेलं, आणि सोमवारी सेन्सेक्स साडेचारशेच्या आसपास वर बंद! हे कसं काय?

तर यातले कुठले आकडे खरंच बघण्यासारखे आहेत, आणि माझ्यासारखीने हे सगळं होईपर्यंत थांबावं का? "टाइम इन द मार्केट" (वेळ साधू नका, टिकून राहा) वगैरे ज्ञान ऐकून झालंय, त्याच्या पुढचं सांगा प्लीज.

खडूस:
एवढं कॅलेंडर तर फंड मॅनेजरही बघत नसेल. टाका आणि ॲप डिलीट करा.

धागाकर्ती:
@खडूस, ॲप डिलीट केलं तर एसआयपीचे मेसेज येतातच ना :) कारण सांगा, सल्ला नको.

आकडेमोड:
ताई, तुमचं गणित चुकत नाहीये, त्यात एक रकाना कमी आहे. कॅलेंडरमध्ये आकड्याशेजारी "अंदाज" असा कॉलम असतो बघा, बाजार त्याच्याशी तुलना करतो. चांगला-वाईट हे आपण ठरवतो, बाजार फक्त अपेक्षेपेक्षा जास्त का कमी एवढंच बघतो.

२०२२ चं अमेरिकेचं उदाहरण घ्या. १३ सप्टेंबरला तिकडचा ऑगस्टचा सीपीआय आला ८.३ टक्के. आधीच्या महिन्यात ८.५ होता, म्हणजे महागाई कमीच झाली की, पण अंदाज होता ८.१ चा. तिकडचा मुख्य इंडेक्स एस अँड पी ५०० एका दिवसात चार टक्क्यांहून जास्त आपटला. मग १० नोव्हेंबरला आला ७.७, फेडचं टार्गेट २ टक्के, त्या मानाने हा आकडाही भयानकच, पण अंदाज ७.९ होता, तर तोच इंडेक्स साडेपाच टक्के वर. दोन्ही वेळी महागाई उतरतच होती, फरक फक्त अंदाजाच्या कुठल्या बाजूला पडली याचा.

आता तुमचा ५.४ वाला जीडीपी. तो होता जुलै ते सप्टेंबरचा, आला नोव्हेंबरच्या शेवटी. तोपर्यंत कंपन्यांचे त्याच तिमाहीचे रिझल्ट येऊन गेलेले, ते मिळमिळीत होते आणि सप्टेंबरअखेरीपासून बाजार उतरत होताच. म्हणजे वाईट बातमी भावात बऱ्यापैकी मुरलेली. वर वाढ मंदावली म्हणजे आरबीआय आता काहीतरी सोडेल ही आशा, आणि ६ डिसेंबरला रेपो (आरबीआय बँकांना कर्ज देते तो दर) नाही पण सीआरआर (बँकांना आरबीआयकडे ठेवावा लागणारा ठेवींचा हिस्सा) अर्धा टक्का कमी केलाच. गंमत म्हणजे तो ५.४ नंतर सुधारून ५.६ झाला. ज्या आकड्यावर एवढी चर्चा झडली तो आकडाच टिकला नाही.

कुठले बघायचे म्हणाल तर माझ्या मते महागाई आणि व्याजदर, बस. आपल्याकडे आरबीआयला ४ टक्के, वर-खाली २ अशी चौकट आहे, त्यामुळे सीपीआय कुठे चाललाय त्यावरून रेपो कुठे जाईल याचा अंदाज येतो आणि बँका, एनबीएफसी (बँक नसलेल्या कर्ज कंपन्या), ऑटो, रिअल इस्टेट हे लगेच हलतात. तिथेही हेडलाइनवर जाऊ नका. ऑक्टोबर २०२४ ला सीपीआय ६.२१ होता, वर्षभराने ऑक्टोबर २०२५ ला ०.२५. एवढा झोका मुख्यतः भाजीपाल्याचा आणि बेस इफेक्टचा (तुलना आदल्या वर्षीच्या चढ्या आकड्याशी), म्हणून सोबत कोअर इन्फ्लेशन (खाद्यपदार्थ आणि इंधन सोडून महागाई) बघा. आयआयपी मी तर बघतच नाही. एप्रिल २०२१ चा आयआयपी १३४ टक्के वाढला होता, कारण आदल्या एप्रिलमध्ये लॉकडाऊनमुळे कारखानेच बंद! पीएमआय ५० च्या वर (वाढ) का खाली (घट) एवढं बघून पुढे जा. जीएसटीचा एप्रिलचा आकडा दरवर्षी फुगलेला असतो, मार्चअखेरीच्या बिलांमुळे, त्यावर नाचू नये.

लांबचा प्रवासी:
वरचं सगळं मान्य पण एक भर. कधीकधी एक आकडा ठिणगी टाकतो आणि जळतं दुसरंच. २ ऑगस्ट २०२४ ला अमेरिकेत जुलैच्या नोकऱ्या आल्या १ लाख १४ हजार, अंदाज पावणेदोन लाखांचा, बेरोजगारी ४.३. त्याच आठवड्यात बँक ऑफ जपानने दर वाढवलेला, येनमध्ये स्वस्तात कर्ज काढून जगभर पैसे लावणारे सगळे एकदम दाराकडे पळाले. सोमवारी ५ तारखेला जपानचा इंडेक्स निक्केई १२.४ टक्के खाली, आपला सेन्सेक्स २,२०० च्या वर पडला. आणि मंगळवारी निक्केई दहा टक्के वर! जॉब्स रिपोर्ट आधीच वाचून येनचं काय होणार हे कुणाला कळलं असतं?

नोकऱ्यांचे आकडेही नंतर बदलतात. त्याच महिन्यात तिकडच्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सने मार्च २०२४ पर्यंतच्या वर्षातल्या ८ लाख १८ हजार नोकऱ्या प्राथमिक रिव्हिजनमध्ये कमी केल्या.

धागाकर्ती:
@आकडेमोड, अंदाजाचा कॉलम दिसत होता पण तो असा वापरायचा असतो हे डोक्यातच आलं नव्हतं, खूप धन्यवाद. आता समजा मी सीपीआयची वाट बघितली आणि अंदाजापेक्षा चांगला आला, तर त्या दिवशी पैसे टाकले की फायदा होईल ना?

आकडेमोड:
इथेच तर मेख आहे. तुम्ही म्युच्युअल फंडात टाकताय. त्या दिवसाची एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचा भाव) हवी तर दुपारी ३ च्या आत पैसे फंडाकडे पोचले पाहिजेत. आपला सीपीआय येतो ४ वाजता. अमेरिकेचा आपल्या संध्याकाळी ६ ला, त्यांच्या हिवाळ्यात ७ ला. फेडचा निर्णय रात्री साडेअकरा-साडेबाराला. म्हणजे आकडा बघून ऑर्डर टाकली की मिळणार दुसऱ्या दिवशीच्या क्लोजिंगची एनएव्ही, आणि बाजार सकाळी सव्वानऊलाच उडी मारून बसलेला असतो. त्यातल्या त्यात आरबीआय सकाळी १० ला बोलते, पण एनएव्ही दिवसअखेरच्याच भावाची. फायदा मिळवणारे दुसरे, तुमच्या-माझ्या हाताला तो लागत नाही.

लांबचा प्रवासी:
एकरकमी टाकायला धजत नसेल तर एसटीपी (एका फंडातून दुसऱ्यात ठरावीक ट्रान्सफर) लावा. सगळे पैसे लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांचा फंड), तिथून दर आठवड्याला ठरलेली रक्कम इक्विटीत. चार-सहा महिन्यांत सीपीआय, फेड, जीडीपी सगळं आपोआप मधे येऊन जाईल.

धागाकर्ती:
हे जमण्यासारखं वाटतंय. पण माझे दोन फंड दोन वेगळ्या कंपन्यांचे आहेत, एकाच लिक्विड फंडातून दोन्हीकडे जाईल का?

लांबचा प्रवासी:
नाही, एसटीपी एकाच फंड हाउसच्या आत चालते. दोन्हीकडे लिक्विड फंडात अर्धे-अर्धे टाका. आणि दर ट्रान्सफर म्हणजे लिक्विडमधून विक्री धरतात, त्यावरचा जो किरकोळ नफा असेल तो तुमच्या स्लॅबने टॅक्सेबल, तेवढं रिटर्न भरताना लक्षात असू द्या.

खडूस:
म्हणजे शेवटी टाका आणि विसराच झालं की :)