अग्निशमन दलाच्या स्मृतिस्तंभावर कोणाची नावं घ्यायची? (सोलापूर)

बाळीवेस
१४ एप्रिलच्या, म्हणजे अग्निशमन सेवा दिनाच्या, आत स्तंभाचा मसुदा द्यायचा आहे. आगीत सापडून गेलेल्यांबद्दल वाद नाही, बाकीच्यांवर अडलंय. विहिरीत माणूस काढायला उतरून गुदमरलेला जवान घ्यायचा का? वर्दीवरून (आगीच्या किंवा सुटकेच्या कॉलवरून) परतल्यावर रात्री घरी हृदयविकाराने गेलेला? ठेकेदाराकडचा चालक? निवृत्तीनंतर कॅन्सरने गेलेला? आणि वर 'शहीद' लिहायचं की 'हुतात्मा'?

जुना फायरमन
आधी नियम लिहा, मगच नावांची यादी उघडा. नावं समोर ठेवून नियम केला की तो कोणातरी एकाच्या मापाचा होतो आणि दुसऱ्याच्या घरी कायमची सल राहते.

कसोटी १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातली घ्या: इजा काम करत असताना आणि कामामुळे झाली का? विहिरीतली सुटका हे दलाचंच काम, तिथे ज्वाळा होत्या की नाही हा प्रश्नच नाही. ठेकेदाराचा चालक त्या वर्दीवर गाडी घेऊन निघाला होता ना? मग तो आत. पगार कुठून निघायचा ते दगडावर येत नाही.

'घटनास्थळी मृत्यू' हे शब्द नियमात अजिबात नकोत. मुंबईत ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीत चार अधिकारी गेले. दोघे त्याच दिवशी, दोघे नंतर रुग्णालयात. त्या दोन शब्दांनी निम्मी नावं गळाली असती.

हृदयविकाराला मुदत ठरवा. अमेरिकेत २००३ च्या कायद्याने कामावर किंवा काम संपल्यापासून २४ तासांत आलेला झटका किंवा पक्षाघात धरला. मात्र त्या पाळीत आग, सुटका किंवा तसंच दमवणारं काम झालेलं हवं. आपल्याकडे हाच नियम ठेवायला हरकत नाही.

सेवापुस्तक
कागदांचं बोलतो. प्रत्येक नावाला किमान दोन स्वतंत्र नोंदी हव्यात: वर्दी रजिस्टर, गाडीचं लॉगबुक, हजेरीपट, सेवापुस्तक, अकस्मात मृत्यूची पोलीस नोंद, शवविच्छेदन अहवाल यांपैकी. नुसत्या वर्तमानपत्राच्या कात्रणावर नाव घेऊ नका, त्यात नावं आणि पदं चुकतात.

मृत्यूच्या वैद्यकीय दाखल्यावर 'हृदयक्रिया व श्वसन बंद' एवढंच असेल तर ते कारण नव्हे. मरताना प्रत्येकाचं तेच होतं. त्याखालचं मूळ कारण वाचा: भाजणं, धूर, विषारी वायू, डोक्याला मार. तो रकाना कोरा असेल तर रुग्णालयाचे केसपेपर मागवा.

महापालिका १९६४ ची. त्याआधीचं नगरपालिकेचं दप्तर वेगळं शोधावं लागेल. गिरणी-कारखान्यांच्या स्वतःच्या पथकातले लोक घेणार की नाही हेही आत्ताच लिहा. माझ्या मते घ्यावेत, टॉवेल-चादरींच्या गोदामाला लागलेल्या आगीत पहिला पाइप तेच धरतात.

आणि स्पेलिंग! सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू घरांतली नावं कचेरीत मराठी कानाने लिहिली गेली आहेत. सेवापुस्तकातलं नाव जसंच्या तसं कोरू नका. मोठ्या अक्षरात छापलेला नमुना घरच्यांना दाखवून सही घ्या.

धूर
कॅन्सरचा मुद्दा हलका समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचं काम गट १ मध्ये, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्यांत, टाकलं. आग विझली की बीए सेट (श्वासासाठी हवेची टाकी आणि मुखवटा) काढून ढिगारे उपसले जातात, आणि कृत्रिम धाग्याचे गठ्ठे आत धुमसतच असतात. विषारी धूर तिथेच छातीत जातो.

पण एकट्या रुग्णाचं कारण सिद्ध करणं अवघड. म्हणून 'सेवेतून जडलेल्या आजाराने' अशी वेगळी पाटी करा. प्रत्यक्ष वर्दीवरच्या सेवेची किमान वर्षं आणि मान्य कॅन्सरची यादी डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

जुना फायरमन
वेगळ्या पाटीला माझा विरोध आहे. ती दुय्यम दिसते. पुरावा कडक मागा, पण एकदा नाव मान्य झालं की दगड एकच.

दगडकाम
क्रम घटनेच्या तारखेने लावा, हुद्द्याने नको. त्याच घटनेत जखमी होऊन नंतर गेलेलाही आपल्या साथीदारांशेजारी येतो. हुद्दा कोरायचाच तर नावाइतक्याच आकारात.

शहाबादी फरशी नको, तिचे पापुद्रे सुटतात. ग्रॅनाइट घ्या, अक्षरं खोल कोरा. नुसत्या रंगाची अक्षरं आपल्या उन्हात टिकत नाहीत. निम्मी जागा मोकळी सोडा, नाहीतर पुढचं नाव कोपऱ्यात कोंबलं जातं.

सोलापुरात 'हुतात्मा' म्हटलं की १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले चौघे डोळ्यांसमोर येतात. तो शब्द त्यांच्याकडेच राहू द्या. 'कर्तव्य बजावताना प्राण अर्पण केलेले' असं लिहा. खाली १४ एप्रिल १९४४ चा, मुंबई गोदीत फोर्ट स्टिकीन बोटीच्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांचा उल्लेख एका ओळीत करा, त्या तारखेचा अर्थ कळेल.

बाळीवेस
विहीर, चालक आणि २४ तासांचा नियम मसुद्यात घेतो. घरच्यांच्या सहीच्या कागदावर नावाच्या स्पेलिंगसोबत 'नाव नको' हाही पर्याय ठेवतो. एक की दोन पाट्या, हे नावं न दाखवता समितीत मताला टाकतो.